सहाच्या गाडीचा डबा

वाघमारे सर आमच्या शाळेत रुजू झाले त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये वडापाव खात होते. नांदेडच्या आमच्या शाळेच्या फाटकासमोर तेव्हा चार गाडे उभे असायचे आणि मधल्या सुट्टीत पोरांच्या आधी आम्ही शिक्षकच तिथे पोचायचो. सरांनी माझ्या समोरची खुर्ची ओढली, पिशवीतून चार पुडांचा स्टीलचा डबा काढला आणि तो उघडायच्या आधी माझ्या हातातल्या कागदाकडे बघून विचारलं,

"म्याडम, हे कोणी केलं?"

"कोणी म्हणजे? गाड्यावाल्यानं."

"नाव काय त्याचं?"

मला नाव माहीत नव्हतं. सहा वर्षं मी त्या माणसाकडून वडापाव घेत होते. त्याच्या तीन पोरींची लग्नं कुठे झाली तेही मला ठाऊक होतं, पण नाव नव्हतं. सर आपले भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "तेल कोन्तं वापरतो, कितव्यांदा वापरतो, ते तर दूरच ऱ्हायलं."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पहाटे पाचला उठून नवऱ्याचा डबा, दोन पोरांचे डबे, सासूबाईंचं पथ्याचं, एवढं करून मी शाळेत येत होते, आणि माझ्या डब्यासाठी मात्र दहा मिनिटं उरत नव्हती. मी म्हटलं, "सर, घरी करून घालणारी असली की सगळ्यांनाच घरचं गोड लागतं. तिला विचारून बघा एकदा, तिला काय खावंसं वाटतं ते."

"बराबर हाय तुमचं," एवढंच सर म्हणाले आणि अंबाडीच्या भाजीचा पूड माझ्याकडे सरकवला. मी त्याला हात लावला नाही. ते वर्गावर गेल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की त्यांची बायको जाऊन चार वर्षं झाली आहेत, घरात सातवीतली एक पोरगी आहे आणि स्वयंपाक ते स्वतःच करतात. मी जीभ चावली, पण शब्द तर बाहेर पडून गेले होते.

माफी मागायला म्हणून मी त्या रविवारी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, समोर चिंचोळं अंगण, आणि अंगणाला लागून कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडे शबानाभाभी राहायच्या. त्या बायकांचे कपडे शिवायच्या आणि त्यांचं मशीन भिंतीला टेकूनच मांडलेलं होतं. सर परातीपुढे मांडी घालून बसले होते. लेक प्रज्ञा ओट्यावर पाय हलवत गणितं करत होती. कोनाड्यात छोटीशी बुद्धमूर्ती आणि शेजारी बायकोचा फोटो. मी दारात उभी राहून शब्द जुळवत होते तेवढ्यात भिंतीपलीकडून मशीन थांबलं आणि आवाज आला,

"सर, तवा लाल हो गया क्या? गैस कम करो, नै तो कल के सरका रोटी जलती!"

"हाव भाभी, केला कमी," सर म्हणाले आणि मला बघून उठू लागले. हात पिठाने भरलेले. मी माफी मागितली तर म्हणाले, "माफी कशाला? आमची होती तवा मीबी कदी इचारलं न्हाई तिला. तुम्ही बोलल्या ते तिच्या वतीनंच समजा."

सरांना स्वयंपाक शबानाभाभींनी शिकवला होता, तोही भिंतीपलीकडून. विज्ञानाचा शिक्षक तो, शिकणंही विज्ञानाच्या पद्धतीने. त्यांची एक दोनशे पानी वही होती. प्रयोग क्रमांक एक: ज्वारीची भाकरी. उद्देश: भाकरी फुगवणे. साहित्य, कृती, आकृती. हो, आकृतीसुद्धा, तवा आणि त्याखाली बाण काढून 'ज्योत'. निरीक्षण: भाकरी तुटली. अनुमान: पीठ शिळे आहे. आणि त्याखाली प्रज्ञाच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'भाभी म्हणतात पीठ नै, पाणी थंडा था.' ती वही वाचून मी पोट धरून हसले. सरही हसले. प्रज्ञा ओट्यावरून म्हणाली, "मॅडम, पप्पांचं अनुमान नेहमी चुकतं. निरीक्षण बरोबर असतं."

पुढे आमचं चांगलं जमलं. माझ्या डब्यासाठी दहा मिनिटं उरली नाहीत ती नाहीतच, पण सर रोज एक पूड जास्तीचा आणू लागले. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, करडईच्या तेलात परतलेली गवार. मी खायचे आणि तरीही वाद घालायचे. मी म्हणायचे, सर, तुम्ही घरचं खा घरचं खा म्हणता, त्याचा अर्थ तुमच्या घरी तुम्ही आणि बाकी सगळ्या घरी बाई. आधी पुरुषांना वह्या घ्यायला लावा, मग पोरांना उपदेश करा. सर मान हलवायचे. त्यांनी खरंच नववीच्या मुलांना एका शनिवारी वरण-भात शिकवला. दुसऱ्या आठवड्यात दोन मुलांचे बाप भांडायला आले, आमच्या पोराला बायकी कामं लावता म्हणून. एकाच्या हातात समोस्याची पुडी होती.

पोरांच्या पुड्यांवर सरांचा फार राग. मसाल्याचे, बटाट्याचे, चीजचे, कसकसले रंगीत पुडे घेऊन पोरं वर्गात यायची. एकदा सरांनी प्रयोगशाळेत पुड्यातली एक कुरकुरीत काडी चिमट्यात धरून पेटवली. ती मेणबत्तीसारखी जळली, खाली तेलाचे थेंब पडले, सगळा वर्ग श्वास रोखून बघत राहिला. सर विजयी मुद्रेने स्टाफरूममध्ये आले. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग दोन-दोन पुडे घेऊन आला, एक जाळायला आणि एक खायला. मी हसून हसून बेजार. सर मात्र त्या दिवशी जेवले नाहीत.

"एवढं काय मनाला लावून घेता?" मी विचारलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हते, डब्याची झाकणं एकात एक बसवत होते. "माझी आजी गावात दारोदार जायची म्याडम. भाकर मागायला. लोक वरून टाकायचे, ती पदरात झेलायची. काल केलेलं, परवा केलेलं, कोणी केलं काय माहीत. ते आनून ती माझ्या बापाला खाऊ घालायची. छप्पन सालच्या दीक्षेनंतर आजोबानं सांगितलं, बंद. उपाशी ऱ्हाऊ, पन दुसऱ्याच्या दारचं न्हाई. तवापासून आमच्या घरात चूल पेटती. आपल्या चुलीवरचं ताजं खानं ही आमची कमाई हाय. आन् ही पोरं घरी आई गरम भाकर करून ठेवती, ती सोडून कागदातलं खाऊन ऱ्हायली. मला बघवत न्हाई."

आमच्या घरात ताजं अन्न ही कधी कमाई नव्हती, ते असायचंच. मी त्यांच्याशी वाद घालत आले होते तो माझ्या घरातल्या ओट्यापाशी उभी राहून, आणि ते बोलत होते ते दुसऱ्याच जागेवरून. त्यानंतर मी वडापाव सोडला असं नाही. पण सरांपुढे खाल्ला नाही.

प्रज्ञा दहावीला जिल्ह्यात वरच्या नंबरात आली. डॉक्टर व्हायचं तिने ठरवलं होतं की सरांनी, हे मला कधीच नीट कळलं नाही. दोघंही त्याबद्दल 'आपण' असं म्हणायचे. आपण लातूरला जाणार, आपण परीक्षा देणार. आमच्याकडे पोराला डॉक्टर करायचं म्हणजे लातूरला क्लासला घालायचं, एवढं सरळ गणित आहे. नांदेडातही क्लास आहेत, पण लातूर ते लातूर. प्रज्ञा होस्टेलवर गेली आणि सरांनी तिच्या जेवणाचा बंदोबस्त केला तो ऐकून सगळी शाळा चाट पडली.

लातूरच्या आसपासच्या खेड्यांतून आयाबाया एसटीने पोरांचे डबे पाठवतात, हे सगळ्यांना माहीत आहे. सकाळच्या गाडीत कंडक्टरजवळ द्यायचा, पोरगं स्टँडवर येऊन घेऊन जातं, संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत. पण ते पंधरा-वीस किलोमीटरच्या गावांचं. सरांनी नांदेडहून डबा सुरू केला. पहाटे चारला उठून स्वयंपाक, सहाची गाडी, दहाला डबा लातुरात. संध्याकाळी शाळा सुटली की सर स्टँडवर जाऊन रिकामा डबा घेऊन घरी जायचे. मी म्हटलं, सर, तिथे मेस आहे की. तर म्हणाले, "मेसमधी कोन करतं? नाव माहीत हाय का तुमाला?"

दोन वर्षं. पाऊस असो, लग्नसराई असो, एसटीचा संप झाला तेव्हा खाजगी गाडीवाल्याच्या हातापाया पडून, पण डबा गेला. सकाळी हजेरीच्या वेळी सर मला डबा कसा आला ते सांगायचे. आज चाटूनपुसून आला. आज चटणीचा पूड घासून लख्ख. वहीत नव्या पानावर त्यांनी तक्ता आखला होता. निरीक्षण: डबा रिकामा. अनुमान: पोरगी जेवली. पानंच्या पानं तेच लिहिलेलं.

फोनवर प्रज्ञा जास्त बोलायची नाही. "डबा मिळाला पप्पा. छान होतं पप्पा. ठेवते पप्पा, टेस्ट आहे." सुट्टीत आली तेव्हा ती मला सुटल्यासारखी वाटली. चेहरा फुगीर आणि डोळ्याखाली काळं. मी सरांना म्हटलं तर म्हणाले, अभ्यासाचा ताण.

आणि मग ते कारल्याचं झालं. एका सकाळी घाईत सरांनी स्वतःसाठी केलेली कारल्याची भाजी तिच्या डब्यात भरली गेली. प्रज्ञाने जन्मात कारलं खाल्लं नव्हतं. लहानपणी नुसत्या वासाने अंगणात पळायची. सर दिवसभर अस्वस्थ होते, पोरगी उपाशी राहिली असणार म्हणून. दुसऱ्या दिवशी आले ते हसतच. "म्याडम, चमत्कार! कारल्याची एक फोड शिल्लक न्हाई. लातूरनं पोरीला कारलं शिकवलं बघा!" त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना गूळपोळी वाटली.

मला तेव्हाच शंका आली होती. मीही दोन पोरांची आई आहे, डब्यात काय परत येतं आणि का येतं ते मला कळतं. पण सरांचा तो आनंदाने उजळलेला चेहरा बघून मी गूळपोळी खाल्ली आणि गप्प बसले. त्याची टोचणी आजही आहे. मी त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर निदान चार महिने वाचले असते.

परीक्षेला महिना-सव्वा महिना राहिला असताना शाळेत फोन आला. प्रज्ञाला उलट्या होत होत्या, डोळे पिवळे झाले होते, होस्टेलवाल्यांनी तिला दवाखान्यात हलवलं होतं. सरांना खडू हातातून खाली ठेवायचंही सुचत नव्हतं. "म्याडम, तुम्ही येता का? पोरीजवळ बाईमानूस पायजे," म्हणाले. मी तशीच निघाले.

कावीळ होती, चांगलीच वाढलेली, आणि अंगात रक्त इतकं कमी की डॉक्टरांनी दोनदा तपासून घेतलं. तरुण डॉक्टर होता. त्याने प्रज्ञाला विचारलं, "बाहेरचं खातेस का?"

तिच्या आधी सर बोलले. "न्हाई डॉक्टर. रोज घरचा डबा येतो. दोन वर्सांत एक दिवस खाडा न्हाई."

डॉक्टर म्हणाला, "ताई, तू सांग."

प्रज्ञा छताकडे बघत होती. मग म्हणाली, "पहिले दोन महिने खाल्ला मी डबा. झाकण उघडलं ना, की घराचा वास यायचा. पप्पांच्या फोडणीचा. मंग रडू यायचं. दुपारभर काही वाचायला व्हायचं न्हाई. टेस्टमधी मार्क पडंनात. मंग मी उघडणंच बंद केलं."

"मग खायचीस काय?" डॉक्टरने विचारलं.

"क्लासच्या बाहेर गाडे हायत. नूडल, मंचुरियन, मोमो. उभ्यानंच खायचं आन् परत जाऊन बसायचं. सगळेच तसंच करतेत. ते खाताना कोणाची आठवण येत न्हाई."

सर पलंगाच्या दांड्याला धरून उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग डबा कोण खायचं?"

"हौसामावशी. स्टँडवर झाडती. तीच धुऊन गाडीत द्यायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर मला घेऊन स्टँडवर गेले. मला वाटलं होतं भांडतील. हौसाबाई फलाटाच्या कडेला खराटा घेऊन होती. साठीच्या पुढची, काटकी बाई. सरांनी नाव सांगितल्यावर तिने खराटा टाकला आणि हात जोडले. "सायेब, मी मागितला न्हाई. पोरीनंच दिला. मला वाटलं तुमची बाई करती. बापय करतो म्हून मला आत्ता कळतंय."

सर तिच्याजवळ फरशीवर बसले. म्हणाले, "मीठ कसं असायचं?"

"चांगलं असायचं सायेब."

"खरं सांगा."

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "शेपूत कमी पडायचं. आन् भाकर काठाला जरा कच्ची ऱ्हायची. बाकी लई चांगलं. कारलं तर मी बोटं चाटून खाल्लं."

सर ऐकत होते, वर्गात पोरगं उत्तर देताना ऐकायचे तसे. मग म्हणाले, "तुम्ही कदी इचारलं न्हाई तिला, तू का खात न्हाईस म्हून?"

"इचारलं की. म्हनली, मावशी, तुमी खा, मी बघते. सुरवातीला रोज यायची. हितंच बसायची. मी खायची आन् ती बघायची. आज काय दिलंय पप्पानी, असं इचारायची. लई दिस आली तशी. मंग यायचीच बंद झाली, डबा मीच गाडीतून उतरवून घ्यायची."

गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. सर उठले. मला त्यांच्याकडे बघवेना. मी हौसाबाईशी काहीतरी बोलत राहिले, तिचं गाव कुठलं, पोरंबाळं काय करतात, आणि तिने काय उत्तरं दिली ते मला आठवत नाही.

परत आलो तर प्रज्ञा उठून बसली होती. सरांना बघून म्हणाली, "पप्पा, मला घरी न्या."

मला वाटलं, चला, सुटलो. पण सर म्हणाले, "महिनाच राहिला बाळा. परीक्षा झाली की लगेच."

ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मी सरांना बाहेर ओढलं आणि वाट्टेल ते बोलले. पोर पिवळी पडली आहे, घरी येते म्हणते आहे, आणि तुम्हाला परीक्षा सुचते? कसला घरचा डबा घेऊन बसला होतात दोन वर्षं? दवाखान्यातली माणसं बघायला लागली तरी मी थांबले नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळू म्हणाले, "आमच्यात कोणी हितपर्यंत आलं न्हाई म्याडम. भाकर मागनाऱ्या बाईची पनती डॉक्टर होईल, एवढं जवळ आलंय. महिन्यासाठी कसं सोडू?"

माझे आजोबा वकील होते. मला 'सोडा' म्हणणं सोपं होतं. पण सर चुकले हे मला तेव्हाही माहीत होतं.

सरांनी रजा टाकली आणि क्लासच्या भागात एक खोली घेतली. तिथे अशा खोल्यांतून पोरांसाठी येऊन राहिलेल्या आयाच आया असतात. त्या सगळ्यांत हा एकटा बाप. नळावर भांडी घासायला बसला की बायका थांबून बघत राहायच्या. मऊ भात, मुगाचं पाणी, ताक. प्रज्ञा समोर ठेवलेलं सगळं खायची, पण ताटातून वर बघायची नाही, असं सर मला फोनवर सांगायचे. परीक्षेला ती गेली. अर्धा वेळ तिने बाकावर डोकं ठेवून काढला. निकाल काय लागणार ते निकालाआधीच कळलं होतं.

पुन्हा बसतेस का, असं त्यांनी तिला विचारलं. मला वाटतं, त्या घरात त्या विषयावर विचारलेला तो पहिला प्रश्न असावा. ती नाही म्हणाली. नांदेडच्या कॉलेजात तिने नाव घातलं.

त्यानंतरचं वर्ष मी जवळून बघितलं ते असं, की वाघमारे सरांच्या दारात मोटारसायकलवरून पार्सलवाली पोरं येऊ लागली. प्रज्ञा फोनवरून मागवायची. दुखणं बरं झालं होतं, पण सरांच्या हातचं तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. हट्ट म्हणून ती हे करत नव्हती. एकदा प्रयत्न करून दोन घास खाल्ले, उठली आणि मोरीत जाऊन ओकली, ते मी पाहिलं आहे. गल्लीत हसणारे हसले. सर दारात जाऊन पार्सल घ्यायचे. प्लास्टिकचा डबा उघडून नूडल स्टीलच्या ताटात काढायचे, कडेला कांदा चिरून, लिंबाची फोड ठेवायचे आणि ताट तिच्या खोलीत नेऊन द्यायचे. मग स्वयंपाकघरात येऊन स्वतःची भाकरी खायचे. भिंतीपलीकडे शबानाभाभींचं मशीन तेवढा वेळ बंद असायचं.

एकदाच ते माझ्याजवळ बोलले. शाळेच्या पायरीवर बसलो होतो. म्हणाले, "म्याडम, मी डबा पाठवत ऱ्हायलो. पोरीला बोलवायला पायजे होतं." ते खरंच होतं.

मग माझी नायगावला बदली झाली. निघायच्या आदल्या रविवारी दुपारी मी निरोप घ्यायला त्यांच्याकडे गेले. फाटकापाशीच शबानाभाभींनी भिंतीवरून हात करून मला थांबवलं. "अब्बी अंदर नक्को जाव मॅडम," त्या कुजबुजल्या. "बच्ची पका रई."

सर अंगणात होते. स्वयंपाकघराच्या दारापासून दोन हात अंतरावर, जमिनीवर, गुडघ्यांत हात घालून बसलेले. आत प्रज्ञा पाठमोरी. ओट्यावर कांद्याची सालं, गॅस मोठा, फोडणी जळल्याचा वास बाहेरपर्यंत आलेला. पातेल्यावर झाकण आपटलं तसे सर अर्धे उठले. "पप्पा, आत यायचं न्हाई म्हणलं ना," ती मागे न बघता म्हणाली. ते परत बसले. मी भिंतीपाशी उभी होते, पण त्यांनी मला पाहिलं नाही.

बऱ्याच वेळाने ती दोन ताटं घेऊन बाहेर आली. खिचडी. एका ताटात जळकी खरवड जास्त आली होती, ते तिने स्वतःकडे ठेवलं. सरांनी घास घेतला. तांदूळ दाताखाली कुरकुरत होता, तो मला तिथवर ऐकू आला. प्रज्ञा स्वतःच्या ताटाला हात न लावता त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"शिजलीय का?" तिने विचारलं.

सरांनी तो घास गिळला, दुसरा घेतला, तोही गिळला. "आजून वाढ," म्हणाले आणि ताट पुढे केलं.

तिने आतून पातेलंच आणलं आणि त्यांना वाढलं. मग तिथेच जमिनीवर त्यांच्या शेजारी बसली आणि जेवू लागली. सरांनी तिच्याकडे मान वळवली नाही. समोरच्या भिंतीकडे बघत ते सावकाश तो कच्चा भात चावत राहिले.